विंडोज मारण्याआधी

‘विंडोज उडाली’ हे आमच्या धंद्यातलं रोजचं गाऱ्हाणं. मशीन चालू होतं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीच्या दोन ओळी उमटतात आणि गाडी तिथेच अडते. मग घरातला किंवा ऑफिसातला एखादा जाणकार कपाटातून विंडोजची डीव्हीडी हुडकून काढतो. ट्रे उघडतो, डिस्क घालतो, मशीन पुन्हा चालू करतो. मशीन डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. परत त्याच दोन ओळी. असं काही वेळा झालं की निकाल लागतो : मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या.

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. असे निकाल लागलेली मशिनं माझ्याकडे येतात ती बहुधा ‘आतले फोटो तेवढे काढून द्या’ एवढ्याच अपेक्षेने. त्यातली बरीचशी धडधाकट निघतात. डिस्कवरून चालू होत नाही म्हणजे मशीन मेलं, ही समजूत लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की तिच्यापायी चांगली यंत्रं भंगारवाल्याकडे जातात. मशीन कसं चालू होतं हे सांगायला कोर्सवाले तयार नाहीत, कंपन्यांना त्यात रस नाही, आणि आमच्या धंद्यातल्या अनेकांना तेवढा वेळ नाही. माझी तक्रार या तिघांबद्दल आहे.

बटण दाबल्याबरोबर विंडोज कामाला लागत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम चालू होतो. जुन्या मशिनीत त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो रॅम तपासतो, कीबोर्ड जोडलाय का बघतो, आणि मग त्याच्याकडे असलेल्या यादीप्रमाणे एकेक जागा धुंडाळतो : हार्ड डिस्क, डीव्हीडी, पेनड्राइव्ह, नेटवर्क. जिथे चालू करण्याजोगं काही सापडेल तिथे कारभार सोपवून बाजूला होतो. यादीत हार्ड डिस्क पहिली असली आणि तिच्यावर अर्धवट मोडलेली विंडोज असली, तर कारभार तिच्याच हाती जातो. ती दोन पावलं जाऊन अडकते. डीव्हीडीची पाळी येतच नाही. ट्रेमध्ये डिस्क फिरत असते, हिरवा दिवा लुकलुकत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन डिस्क वाचतंय.

यावर इलाज एका कळीचा आहे. मशीन चालू होताना योग्य कळ दाबली की ‘कुठून चालू करू’ अशी यादी पडद्यावर येते आणि त्यातून डीव्हीडी निवडता येते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मशिनींत ही कळ एफ १२, एचपीत एफ ९, एमएसआयच्या बोर्डावर एफ ११, असूसच्या बोर्डावर एफ ८. कुठे एस्केप दाबल्यावर पुढची वाट सापडते. कंपनीगणिक कळ वेगळी, आणि मशिनीच्या अंगावर ती कुठेही छापलेली नसते. प्रोसेसरचा स्टिकर असतो, ग्राफिक्स कार्डाचा असतो, मशीन वीज किती खातं त्याचा असतो. जी कळ अडल्यावेळी लागणार तिच्यासाठी बोटभर कागद चिकटवायला कंपनीला जागा सापडत नाही.

एका हळदीच्या मोसमातली गोष्ट सांगतो. यार्डातल्या एका पेढीचे दिवाणजी रिक्षात घालून मशीन घेऊन आले. सौदे जोरात चालू होते आणि टॅलीतल्या नोंदी आत अडकून पडल्या होत्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांना बोर्ड गेल्याचं सांगून नव्या मशिनीचा भाव हातात ठेवला होता. ‘भाऊ, नवीन घ्यायला मालक तयार हाईत,’ दिवाणजी म्हणाले, ‘आतला हिशेब तेवढा मिळाला म्हणजे झालं.’

कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, डीव्हीडी ड्राइव्हच्या तोंडाशी हळदीचा थर. यार्डातली मशिनं अशीच असतात, ब्लोअर मारला की दुकानाबाहेरची फरशी पिवळी होते. पण दुखणं त्या धुळीत नव्हतं. बायोसमध्ये गेलो आणि कोपऱ्यातली तारीख बघितली : १ जानेवारी २००९. दिवाणजींना दाखवलं. ‘तुमचं मशीन अजून २००९ सालात बसलंय बघा.’

पेढी बंद करताना रात्री मेन स्विच पाडायची त्यांची पद्धत. पद्धत चांगलीच आहे, आगीची भीती राहत नाही. मात्र भिंतीतली वीज चालू असते तोवर मदरबोर्डला सेलची गरज पडत नाही, आणि मेन पाडला की घड्याळ नि सेटिंग सांभाळायचं काम सीआर २०३२ नावाच्या तीन व्होल्टच्या गोल सेलवर येतं. तो रोज रात्री झिजतो. संपला की सकाळी मशीन कारखान्यातून निघालं तेव्हाच्या सेटिंगवर उठतं. इथे तेच झालं होतं. हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, म्हणून विंडोज निळा पडदा दाखवून थांबू लागली. निळ्या पडद्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी दिसलं की हा संशय घ्यायचा. बूटची यादीही मूळ पदावर गेली, म्हणून डीव्हीडीवरून चालू होईना. दुखणी दोन, मूळ एक. नवा सेल बसवला, एएचसीआय लावलं, तारीख भरली. विंडोज जशीच्या तशी उघडली, टॅलीतल्या नोंदी जागच्या जागी. विंडोज मारावीच लागली नाही. मारली असती तर सी ड्राइव्हमधला त्या वर्षाचा हिशेब तिच्याबरोबर गेला असता.

आता आमच्या धंद्याबद्दल. फॉरमॅट मारून विंडोज टाकायचे पैसे ठरलेले असतात, गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं. नवीन मशीन विकलं तर त्याहून बरं. तासभर बसून दुखणं शोधलं आणि शेवटी सेल बदलला, तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढ्याशा सेलचे एवढे पैसे?’ शोधण्याची मजुरी द्यायची सवयच नाही. डॉक्टरने गोळी न देता परत पाठवलं तर फी बुडवावीशी वाटणारे लोक आपण. त्यामुळे पोरं शोधायच्या फंदात पडत नाहीत. पेनड्राइव्ह घातला, फॉरमॅट मारला, पुढचं मशीन. यात एकट्या दुकानदाराला बोल लावणं मला पटत नाही, पण जे चाललंय ते वाईटच आहे.

डिस्कही निर्दोष असतेच असं नाही. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे इंटरनेटवरून आयएसओ फाइल उतरवून ती तशीच डीव्हीडीवर कॉपी केलेली. डिस्कवर एकच भलीमोठी फाइल, तिच्यावरून काय चालू होणार? आयएसओ हा डिस्कचा साचा असतो, तो साचा म्हणूनच उतरवावा लागतो. विंडोजमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ असा पर्याय मिळतो. ओळखायची खूण सोपी : दुसऱ्या चालू मशिनीत डिस्क उघडून बघा. आत बूट, सोर्सेस असे फोल्डर आणि सेटअपची फाइल दिसली तर डिस्क बरोबर बनली आहे. एकच आयएसओ दिसली तर ती डिस्क गच्चीवरच्या कबुतरांना घाबरवायला लावा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि विंडोजच्या अलीकडच्या आयएसओ त्याहून मोठ्या असतात, हाही घोटाळा आहेच. दुहेरी थराची ८.५ जीबीची डीव्हीडी आता बाजारात शोधावी लागते. पेनड्राइव्ह घ्यावा, तो मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किंवा रूफस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने बूटेबल करावा, हे बरं. पेनड्राइव्हवरही नुसती फाइल कॉपी करून चालत नाही.

आणि ती एक ओळ! ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी.’ काळ्या पडद्यावर डावीकडे वरच्या बाजूला येते, पुढे एकेक टिंब उमटत जातं, आणि चार-पाच सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन समजतं की तुम्हाला डिस्क नकोय. जुने मॉनिटर डिस्प्ले द्यायला वेळ लावतात, तोवर ओळ येऊन गेलेली असते. कित्येकांनी ती कधी बघितलेलीच नाही आणि ते डिस्कला शिव्या घालत बसलेत. कुणाचा कीबोर्ड यूएसबीचा असतो आणि बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड बंद असतो, मग विंडोज लागेपर्यंत कीबोर्डचा दिवाच लागत नाही. याच्या उलटही एक गंमत आहे. विंडोज अर्धी बसली की मशीन एकदा आपोआप बंद होऊन चालू होतं, आणि ती ओळ पुन्हा येते. या वेळी कळ दाबायची नसते. उत्साही माणूस दाबतो, सेटअप पहिल्यापासून सुरू होतो, आणि मग ‘विंडोज सारखी परत परत बसतेय’ म्हणून मशीन माझ्याकडे येतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तर आम्हाला डीव्हीडी ड्राइव्हची भलतीच बाजू बघायला मिळाली. कृष्णेचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलेलं. लोकांनी कॅबिनेट उन्हात वाळवली, पुसली, काहींची चक्क चालू झाली. पण डिस्क घातली की ड्राइव्ह खरखर करायचा आणि थांबायचा. ट्रे बाहेर काढून बघितलं तर मधल्या लेन्सवर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा. लेन्स म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा काचेसारखा ठिपका. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसला की काही ड्राइव्ह चालायचे, काही नाही. ज्यांचे चालले नाहीत ती मशिनं पेनड्राइव्हवरून व्यवस्थित चालू झाली. दोष ड्राइव्हचा होता आणि शिक्षा अख्ख्या मशिनीला होणार होती.

घरी करून बघता येईल असं एकच काम सांगायचं झालं तर हे सांगीन : लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडी करून ठेवा. मिंट घ्या, उबंटू घ्या. आपल्या सी-डॅकने बनवलेलं बॉसही आहे. लाइव्ह म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता सगळं रॅममध्ये चालतं. त्यावरून पडदा उघडला, माउस हलला, वायफाय लागलं, तर मदरबोर्ड, रॅम, डिस्प्ले ठीक आहेत हे तिथल्या तिथे कळतं. राहिली ती हार्ड डिस्क आणि तिच्यावरची विंडोज. डिस्क वाचता येत असेल आणि तिला कुलूप नसेल तर आतले फोटो, कागदपत्रं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेता येतात, मग खुशाल फॉरमॅट मारा. लाइव्हवरूनही चालू होत नसेल तर डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची वायर काढून बघावी. मरायला टेकलेली हार्ड डिस्क सगळ्या मशिनीला ताटकळत ठेवते. बायोस तिच्या उत्तराची वाट बघत बसतो आणि डीव्हीडीपर्यंत पोचतच नाही. वायर काढल्याबरोबर लाइव्ह डिस्क भराभर चालू झाली तर गुन्हेगार सापडला. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवणं हा आमच्याकडचा घरगुती उपाय आहे. त्याला हसू नका, डिस्प्ले न येणारी पुष्कळ मशिनं त्याने उठतात.

जिथे मला लोकांशी वाद घालावा लागतो ते प्रकरण मात्र वेगळं आहे. लग्नपत्रिका छापणारे एक प्रेसवाले आहेत. त्यांचा सगळा कारभार पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामवर आणि श्रीलिपीच्या मराठी फाँटवर. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, पण महाराष्ट्रातल्या छोट्या प्रेसमध्ये ती अजून नांदतेय, कारण पंचवीस वर्षांच्या पत्रिका, पावती पुस्तकं, पंचांगाची पानं त्याच फाँटमध्ये साठलेली आहेत. त्यांनी नवीन मशीन घेतलं आणि माझ्यापुढे विंडोज ७ ची डीव्हीडी ठेवली. ‘ही मारून द्या.’

ती डिस्क नव्या मशिनीवर का लागत नाही याची कारणं एकावर एक आहेत. विंडोज ७ ची ३२ बिटची डिस्क यूईएफआयला ओळखतच नाही. ६४ बिटची ओळखते, तर तिला सिक्युअर बूट (त्याबद्दल पुढे सांगतो) बंद करून हवा असतो आणि जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोय, म्हणजे सीएसएम, चालू करून हवी असते. ती सोय २०२० पर्यंत काढून टाकायचा बेत इंटेलने २०१७ सालीच जाहीर केला होता, आणि नव्या बऱ्याच मशिनींत ती खरोखरच नाही. मधल्या पिढीच्या मशिनीत बूटच्या यादीत एकच डीव्हीडी दोनदा दिसते : एकदा नुसत्या नावाने, एकदा नावामागे यूईएफआय लावून. चुकीची निवडली तर हार्ड डिस्क निवडायच्या टप्प्यावर ‘डिस्क जीपीटी प्रकारची आहे’ म्हणून सेटअप नकार देतो आणि माणूस हार्ड डिस्क खराब समजून बसतो. बरं, एवढं करून सेटअप लागलाच, तर कीबोर्ड आणि माउस मरतात. विंडोज ७ च्या डिस्कवर यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत आणि २०१५ सालच्या इंटेलच्या सहाव्या पिढीपासून जुनी यूएसबीची सोयच चिपसेटमधून गेली. जुना गोल पिनेचा पीएस टू कीबोर्ड लावायला खाच असेल तर नशीब.

प्रेसवाल्यांचं म्हणणं, ‘कायतरी जुगाड करा की.’ जुगाड होतो, ड्रायव्हर घुसवून डिस्क बनवता येते. मी करून दिला नाही. विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. नव्या मशिनीवर ती बसवून वर इंटरनेट जोडणं म्हणजे चांगल्या घराला मुद्दाम मोडकं दार बसवणं. त्याऐवजी त्यांच्या जुन्या मशिनीची हार्ड डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून दिली, नेटची वायर काढून टाकली, आणि ते मशीन पत्रिकांपुरतं ठेवलं. नव्यावर युनिकोडमध्ये काम सुरू करा म्हणून सांगितलं. युनिकोडचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. घेतील, लग्नसराई संपली की.

सिक्युअर बूटला सगळे शिव्या घालतात, मी घालत नाही. ज्यांनी फ्लॉपीचा जमाना बघितलाय त्यांना कारण सांगावं लागणार नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ हा व्हायरस आला आणि १९९० मध्ये आपल्याकडे सापडलेला ‘जोशी’. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहून गेली आणि मशीन चालू केलं की ‘जोशी’ आत शिरायचा, विंडोजच्या, अगदी डॉसच्याही आधी. ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा, केलं की सोडायचा. विनोदी होता, पण जागा त्याने नेमकी हेरली होती : मशीन चालू होण्याचे पहिले काही क्षण ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं मशीन. सही नसलेला प्रोग्राम त्या क्षणी चालू द्यायचा नाही हा सिक्युअर बूटचा नियम मला मान्य आहे. म्हणून एखादी जुनी लाइव्ह डिस्क ‘लागत नाही’ तेव्हा पुष्कळदा ती या नियमाने अडवलेली असते. नवीन आवृत्ती घेतली तर लागते, नाही तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरता बंद करायचा आणि काम झालं की आठवणीने परत चालू करायचा.

माझी तक्रार कुलपाबद्दल नाही, किल्ली मालकाला न देण्याबद्दल आहे. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये काही बदललं, सिक्युअर बूट बंद केला, बोर्ड बदलला, की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की त्या खात्यात साठवलेली असते. आणि खातं कुणाचं? कॉलेजच्या एका मुलीचा लॅपटॉप आला होता. दुकानातल्या पोराने विकताना ‘चालू करून’ दिला होता. त्यासाठी त्याने मनानेच एक मेल आयडी काढला, पासवर्ड टाकला, आणि दोन्ही विसरला. लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागत उभा. मुलीचे वडील म्हणाले, ‘अहो, बिल माझ्या नावावर आहे!’ बिलाला कोण विचारतो? डिस्क शाबूत, फायली शाबूत, आणि तिचा प्रोजेक्ट कायमचा आत. इथे माझी लाइव्ह डिस्कही काही करू शकली नाही.

हे फक्त घरगुती दुखणं आहे असं समजू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर आणून ठेवली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण जी मशिनं चालूच होत नव्हती ती दुरून कशी दुरुस्त करणार? बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष मशिनीसमोर उभं राहावं लागलं, आणि जिथे डिस्क कुलूपबंद होती तिथे आधी तीच ४८ आकडी की शोधावी लागली. मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार त्या दिवशी असं काम येणाऱ्या पोरांवर अडून होता.

अशी पोरं तयार कुठे होतात? संगणकाच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन मुलं माझ्याकडे काम मागायला येतात. वर्डमध्ये टेबल घालतात, एक्सेलमध्ये बेरीज करतात, प्रेझेंटेशन तर फर्मास. बूट ऑर्डर म्हणजे काय विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यात त्यांचा काय दोष, लॅबमधलं मशीन बिघडलं की त्यांना बाहेर बसवतात आणि माझ्यासारख्याला बोलावतात. खरं तर तोच तास त्यांना आत बसवायला हवा. प्रत्येक लॅबमध्ये एक जुनं मशीन फक्त बिघडवायला आणि चालू करायला ठेवा. सेल काढा, वायर सैल करा, बूटची यादी उलटी लावा, आणि मुलांना शोधू द्या. खर्च शून्य, भंगारातलं मशीन चालतं.

सरकारकडूनही एक मागणं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल काढलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात आहेत. चांगलं झालं, पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसते सुटे भाग मिळणं नव्हे. बूटची कळ मशिनीवर छापलेली असावी, कुलूप लावताना की कागदावर घेण्याची सक्तीची पायरी असावी, आणि रिकव्हरीची डिस्क किंवा पेनड्राइव्ह खोक्यात असावा. पूर्वी मिळायची डिस्क. कंपन्यांनी ती बंद करून त्याच हार्ड डिस्कवर एक कप्पा करून ठेवला. म्हणजे हार्ड डिस्क गेली की दुरुस्तीचं सामानही तिच्याबरोबर गेलं!

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा, म्हणून विंडोज ११ ची डिस्क घातली की जुन्या मशिनीवर सेटअप चालू होऊन ‘हा पीसी चालणार नाही’ म्हणून थांबतो. तो नकार विंडोज ११ चा आहे, त्यावरून मशीन बाद ठरत नाही. एसएसडी आणि आठ जीबी रॅम असलेलं सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन लिनक्सवर मुलांच्या अभ्यासाला, बिलिंगला, बँकेच्या कामाला अजून कित्येक वर्षं पुरेल. टॅलीवाल्यांची मात्र लिनक्सवर अडचण होते, त्यांनी नवीन घेतलेलं बरं.

येत्या पाडव्याला किंवा दिवाळीला लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातून हलण्याआधी एवढं करा. खातं स्वतःच्या मेलने स्वतः उघडा. ४८ आकडी की कागदावर उतरवून घेऊन घरातल्या कागदपत्रांत ठेवा. बूटची कळ विचारून मशिनीच्या पाठीवर चिकटपट्टीने लावा, आणि तुमच्यासमोर एक बूटेबल पेनड्राइव्ह करून मागा. घरात जुनं डेस्कटॉप असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घड्याळातली तारीख बघा. भलतंच साल दाखवत असेल तर महत्त्वाच्या फायली आजच बाहेर काढा आणि उद्या सेल बदलून घ्या. आणि कुठल्याही दुकानात मशीन टाकताना ‘आतला डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये’ एवढं पावतीवर लिहून घ्या.